टँकरची भीक नको, पाण्यात वाटा पाहिजे



मे महिना संपत आला. तालुक्याच्या कचेरीसमोर रोज कुठल्या ना कुठल्या पाड्याचा हंडा मोर्चा उभा आहे. बाया उन्हातून चार-पाच तास चालत येतात. साहेब बाहेर येतात, निवेदन घेतात, 'उद्यापासून टँकर सुरू करतो' म्हणतात. आपण घोषणा देतो आणि परत फिरतो. टँकर येतो, विहिरीत ओततो, तासाभरात विहिरीत परत गाळ. मग पाऊस पडतो, सगळे विसरतात. पुढच्या मे महिन्यात तोच मोर्चा, तोच साहेब नाहीतर त्याच्या जागी आलेला दुसरा.

आपल्या मागच्या सभेत यावर दोन मतं निघाली. काही जण म्हणाले, 'आपली संघटना जमिनीची. प्लॉटचे दावे अजून अर्धे पडून आहेत. पाण्याचं काम ग्रामपंचायत बघेल, आपण त्यात कशाला पडायचं?' दुसरे म्हणाले, 'पाण्यासाठी भांडू, पण टँकरच वाढवून मागू. तेवढं तरी लगेच मिळतंय.' दोघंही आपलेच आहेत, लाठ्या खाल्लेले आहेत. पण या दोन्ही मतांना आमचा विरोध आहे. का आहे, ते सगळ्यांसमोर मांडायला हा लेख लिहितो आहोत. पाड्यावर वाचून दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकवा, आणि पटलं नाही तर सभेत येऊन भांडा.

पाणी नाय, ही थाप

पहिल्यांदा एक हिशोब करू. शाळेतला गुणाकार आहे, कुणालाही करता येईल.

आपल्या शहापूर भागात वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. नगर-सोलापूरच्या लोकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. शंभर इंच पाऊस एक एकर जमिनीवर पडला की एक कोटी लिटर पाणी होतं. एका गुंठ्यावर अडीच लाख लिटर.

आता आपला पाडा घ्या. दोनशे माणसांचा धरा. १९९७ मधल्या सरकारच्याच नियमाप्रमाणे खेड्यातल्या माणसाला दिवसाला ४० लिटर पाणी मिळायला पाहिजे होतं. दोनशे माणसांना झाले आठ हजार लिटर. पावसाळा सोडून आठ महिने, म्हणजे २४० दिवस धरले तर झाले १९ लाख २० हजार लिटर.

म्हणजे किती जमिनीवरचा पाऊस? आठ गुंठे!

उन्हानं आटेल, जमिनीत मुरेल, म्हणून दुप्पट धरा. सोळा गुंठे. ज्या पाड्याच्या बाया मार्च लागल्यापासून डोक्यावर चुंबळ घेऊन नदीतले झिरे उकरत बसतात, वाटी-वाटीनं हंडा भरतात, त्या पाड्याची आठ महिन्यांची तहान सोळा गुंठ्यांवरच्या पावसात भागते. मग आपल्याकडे पाणी नाही, असं म्हणणाऱ्याला विचारा, तू कुठल्या गावचा?

पाणी आहे. आपल्या अंगणात पडतं, डोळ्यांसमोरून वाहून जातं. खाली काळा कातळ आहे, वर माती पातळ आहे, उतार मोठा आहे, म्हणून ते थांबत नाही. हे खरं. पण कातळ, उतार, माती हे सगळं इंजिनिअर लोकांनाही माहीत आहे. आणि याच कातळात त्यांनी पाणी थांबवून दाखवलंय. फक्त ते आपल्यासाठी थांबवलं नाही.

कुणासाठी थांबवलं

तानसा धरण १८९२ साली झालं. तेव्हा इंग्रज होता. आज त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. मोडकसागर १९५७ ला झालं, तेव्हा आपलं राज्य आलं होतं. वरची वैतरणा १९७३ ला, इगतपुरीच्या बाजूला. त्यानंतर भातसा. मुंबईच्या हद्दीत विहार आणि तुळशी ही दोन जुनी लहान तळी आहेत, ती सोडली तर मुंबईचं जवळजवळ सगळं पाणी आपल्या डोंगरातून जातं. १९९७ च्या सुमारास रोजचं २५० कोटी लिटरच्या वर पाणी जात होतं. माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या पाइपातून, आपल्याच पाड्यांच्या बाजूनं.

त्या पाइपाच्या सांध्यातून कुठं गळत असेल तर तिथं आपल्या बाया हंडे लावून बसतात. शहरातला माणूस गाडीतून जाताना बघतो आणि म्हणतो, बघा कसं पाणी चोरतात.

चोरी? आता दुसरा हिशोब करू. तालुक्यात अडीच लाख माणूस धरा. ४० लिटरप्रमाणे रोजचं एक कोटी लिटर लागेल. मुंबईला तेव्हा रोज जायचं अडीचशे कोटी. म्हणजे अडीचशे हंड्यांतला एक हंडा. रुपयातला अर्धा पैसासुद्धा नाही. सगळ्या तालुक्याची तहान भागवायला एवढं लागतं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, ज्यांचे पाडे उठले, ज्यांचं जंगल पाण्याखाली गेलं, त्यांना रुपयातला अर्धा पैसा देताना या राज्याचा हात थरथरतो.

कुणी म्हणेल, तुम्ही मुंबईच्या विरोधात आहात. अजिबात नाही. मुंबईत सगळेच बंगल्यात राहत नाहीत. आपली माणसं तिथं नाक्यावर उभी राहतात, झोपडपट्टीत राहतात, आणि तिथंही रात्री दोन वाजता नळाला रांग लावतात. त्यांचं-आपलं भांडण नाही. शहरातल्या माणसासाठी कागदावर १३५ लिटर धरायचे, आपल्यासाठी ४०, आणि टँकर लागला की २०. हे तीन आकडे कुणी ठरवले? आदिवासीच्या शरीराला कमी पाणी लागतं का? आमची बाय दिवसभर भातलावणी करून येते, तिला आंघोळीला कमी पाणी पुरतं का? भांडण या आकड्यांशी आहे.

ऑक्टोबरातच ठाऊक असतं

आता 'दुष्काळ' या शब्दाचं बघू. आपल्याकडे दुष्काळ कधी जाहीर व्हायचा नाही. का? तर दुष्काळ पिकाच्या पैसेवारीवर ठरायचा. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली तर दुष्काळ. आपल्याकडे भात बरा येतो, पैसेवारी वर राहते. मग एप्रिलमध्ये विहीर कोरडी पडो, पोरांना हगवण लागो, कागदावर सगळं ठीक आहे. पीक बघून दुष्काळ ठरवणाऱ्याला माणूस पाणी पितो हे कुणी सांगितलेलं नाही. आणि ज्याला पीकच नाही, ज्याच्याकडे जमीनच नाही, त्या कातकऱ्याची पैसेवारी कुठल्या तलाठ्यानं काढली?

आपल्यासाठी दुसरा शब्द ठेवलाय, 'टंचाई'. या टंचाईचा आराखडा दरवर्षी बनतो. त्याचे तीन भाग असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. कुठल्या गावाला, कुठल्या पाड्याला, कुठल्या महिन्यात टँकर लागणार, त्याची यादीच असते.

भावांनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपल्या पाड्याची विहीर एप्रिलमध्ये आटणार, हे सरकारला ऑक्टोबरात माहीत असतं. ओढ्याला पाणी असतं तेव्हाच माहीत असतं. बंधारा घालायला सहा महिने हातात असतात. पण त्या सहा महिन्यांत बंधारा घालत नाहीत. टँकरचं टेंडर काढतात. दरवर्षी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, लिहून ठेवलेल्या यादीप्रमाणे येतं, त्याला निसर्गाचा कोप कसं म्हणायचं?

१९९२ ला जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं मेली. तेव्हा जिल्ह्यात मंत्री आले, गाड्या आल्या, पेपरवाले आले. सगळे म्हणाले कुपोषण. खरंच आहे. पण पोराच्या पोटात अन्न नाही आणि वर घाण पाणी गेलं की हगवण लागते, आणि उपाशी पोर हगवणीनं दोन दिवसांत जातं. नुसतं धान्य वाटून हे थांबत नाही. आई पाण्याला चार तास गेली तर पोराला भरवणार कोण, हेही कुठल्या अहवालात विचारलेलं आम्ही वाचलं नाही.

'तुम्हीच जंगल तोडलं'

साहेब लोकांचं एक आवडतं उत्तर आहे. 'आदिवासींनी जंगल तोडलं, प्लॉट पाडले, म्हणून पाणी आटलं.' आपल्यातले शिकलेले काही जणपण आता हे बोलायला लागलेत.

कसारा घाटातून रेल्वे १८६५ ला वर गेली. तिच्या रुळाखालचे स्लीपर काय आभाळातून पडले? मुंबईच्या चुलींना लागणारा कोळसा कुठून जात होता? जंगलात कूप पडायचे, त्यांचा लिलाव व्हायचा, ठेकेदाराचे ट्रक भरून जायचे. कूप तोडायला मजुरीवर आपली म्हातारी माणसं होती, हे खरं. पण कुऱ्हाड ज्याच्या हातात असते त्याचं झाड होतं, की ज्याच्या खिशात पैसे जातात त्याचं? तोडल्यावर डोंगर उघडे झाले, माती धुपली, झरे आटले. आणि धरणाच्या पाण्याखाली जे जंगल गेलं ते कुणाच्या नावावर टाकायचं?

आपण राबाला फांद्या तोडतो. झाड उभं ठेवतो, कारण पुढच्या वर्षी परत राब लागतो. ज्याला पुढच्या वर्षीही तिथंच राहायचंय, तो झरा मारत नाही.

सातबारा नाही, तर विहीर नाही

आता 'जमिनीची संघटना पाण्यात कशाला' म्हणणाऱ्या भावांना उत्तर.

विहिरीची सरकारी योजना आहे. जवाहर विहीर होती, आदिवासींसाठी वेगळ्या योजना आहेत. अर्ज घेऊन गेलात की पहिला प्रश्न कुठला? 'सातबारा आणा.' प्लॉटवाल्याकडे सातबारा नाही. त्याच्याकडे काय आहे? फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या आहेत. बापाच्या नावाच्या आहेत, कुणाकडे आजाच्या नावाच्या आहेत. त्या पावतीवर दंड भरता येतो, विहीर खणता येत नाही. तो आपल्या ताकदीवर प्लॉटच्या कोपऱ्यात दहा फूट खड्डा खणायला गेला तर गार्ड येतो. १९८० चा वनसंवर्धन कायदा दाखवतो. कुदळ-फावडं जप्त करतो. ओढ्याला दगड-मातीचा बांध घातला तरी गुन्हा. त्याच कायद्याखाली मोठ्या धरणाची फाइल दिल्लीला जाते आणि मंजुरी मागता येते. आपल्या दहा फुटांच्या खड्ड्याची फाइल कुठल्या दिल्लीला पाठवायची?

आठवा, सोळा गुंठे. पाड्याची तहान भागवायला सोळा गुंठ्यांवरचं पाणी पुरतं. पण ते अडवायला, साठवायला, उद्या कुणी उठवणार नाही अशी सोळा गुंठे जागा आपल्या नावावर नाही. आपल्या तहानेचं मूळ तिथं आहे. म्हणून जमिनीचा दावा आणि पाण्याची मागणी वेगळी करता येत नाही. ज्या दिवशी प्लॉट नावावर होईल त्या दिवशी विहीरही आपली होईल. आणि पाणी नसेल तर नावावर झालेल्या प्लॉटवर करायचं काय? एक भात आणि एक नागली-वरई घेऊन दिवाळीनंतर कुलूप लावून वीटभट्टीवरच जायचं ना? मग त्या रिकाम्या घराकडे बघून शेठ विचारतो, 'जमीन पडूनच आहे, देतोस का?'

आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. १९७४ पासूनचा कायदा आहे. तरी हायवेच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊस झालेच. आणि जमीन गेली की तिच्याखालचं पाणी पण जातं. शेठ तीनशे फूट बोअर मारतो, हिरवळीवर फवारे सोडतो, आणि खालच्या पाड्याची वीस फुटी विहीर फेब्रुवारीतच खडखडते. यावरही कायदा होता. १९९३ चा भूजल कायदा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर, नवी बोअर घेता येत नव्हती. तालुक्यात हा कायदा कुणावर लावलेला आपण ऐकलाय का? फॉरेस्टचा कायदा मात्र रोज लागतो.

टँकर कुणाला पाहिजे

आता 'टँकर वाढवून मागू' म्हणणाऱ्या भावांना.

आज ज्या पाड्यात प्यायला थेंब नाही तिथं टँकर आलाच पाहिजे. त्याला आमचा विरोध नाही. तहानलेल्या माणसाला पाणी देण्याआधी भाषण करणारे आम्ही नाही. पण टँकर हीच मागणी करून थांबलो तर आपण कुणाचं काम करतो, ते बघा.

टँकर आला की ठेकेदार आला. ठेकेदार आला की सभापतीचा भाचा आला. डिझेलचं बिल आलं, फेऱ्यांचं रजिस्टर आलं. कागदावर चार फेऱ्या, पाड्यावर दोन. ज्या पाड्यानं मत दिलं तिथं टँकर आधी, ज्यानं दिलं नाही तिथं 'रस्ता खराब आहे'. सांगायला लाज वाटते, पण आता आपल्यातलेच काही तरुण टँकरचा ठेका मिळावा म्हणून पुढाऱ्यांच्या मागं फिरतात. त्यांना आम्ही एवढंच म्हणतो, ज्याचं पोट टँकरवर चालतं त्याला विहीर नको असते. उद्या पाड्यानं बंधारा घातला तर सगळ्यात आधी तुमचाच धंदा बुडेल. तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूला उभे राहणार?

आणि टँकरचं पाणी माणसाला काय करून सोडतं? विहिरीभोवती शंभर दोर पडतात. बाया एकमेकींच्या अंगावर जातात. काल लावणीला एकमेकींच्या बांधावर गेलेल्या बाया आज हंड्यावरून शिव्या देतात. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी असे आपसात भेद पडतात. कातकऱ्याचा हंडा शेवटी. संघटनेनं वीस वर्षांत जोडलेलं एक टँकर तासाभरात तोडतो.

सरकार म्हणालं होतं, महाराष्ट्र टँकरमुक्त करणार. चांगली गोष्ट आहे. पण टँकर बंद करून टँकरमुक्ती येत नाही. आधी विहिरीत पाणी आणा.

सांडपाण्याची गोष्ट

मुंबईला गेलेलं पाणी पुढं कुठं जातं? इंजिनिअर लोक धरतात की दिलेल्या पाण्यातला शंभरातला ऐंशी भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. म्हणजे त्या अडीचशे कोटींतले रोजचे दोनशे कोटी लिटर. आपल्या डोंगरातलं, आपली शेतं बुडवून साठवलेलं गोड पाणी एकदा वापरून गटारात, गटारातून खाडीत आणि समुद्रात. त्याच चांगल्या पाण्यानं संडास धुतात, गाड्या धुतात, बागा शिंपतात. ते साफ करून परत वापरता येत नाही असं नाही. मद्रासला पाण्याची ओरड झाली तेव्हा तिथल्या तेलाच्या आणि खताच्या कारखान्यांनी शहराचं सांडपाणी साफ करून वापरायला घेतलंच की. मुंबईतल्या कारखान्यांना कुणी अडवलंय? अडवलंय एवढंच, की आमच्या डोंगरातलं धरण त्यांना स्वस्त पडतं. कारण आमच्या जमिनीची किंमत त्यांच्या हिशोबात धरलेलीच नसते.

सांडपाण्याचा धडा आपल्यालाही आहे. विहिरीच्या काठावर कपडे धुतो, गुरं पाजतो, भांडी घासतो, आणि तेच पाणी विहिरीत झिरपतं. हातपंपाभोवती चिखल, चिखलात डुकरं, डास. पावसाळ्यात ग्रामसेवक विहिरीत पावडर टाकून जातो, ती चार दिवस पुरते. पंपापासून चर काढून तेच पाणी बाजूला नेलं तर त्यावर चार केळी, आळू, शेवगा, भोपळ्याचा वेल जगतो. पोरांच्या ताटात भाजी पडते. हे करायला कुणाची मंजुरी लागत नाही.

पुढची धरणं येत आहेत

१९९४ ला डॉ. माधव चितळे समितीनं मुंबईच्या पुढच्या पाण्याचा अहवाल दिला. त्यातली नावं बघा. मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ, शाई, काळू. ही नावं कुठली? शहापूर, वाडा, जव्हार, मोखाडा, मुरबाड या आपल्याच तालुक्यांतल्या नद्यांची. म्हणजे आधीच्या धरणांनी ज्यांना उठवलं त्यांचे हंडे अजून भरले नाहीत, आणि पुढच्यांना उठवायची तयारी सुरू झाली.

वर तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात अक्कलकुवा-अक्राणीच्या ३३ गावांतले आपले भाऊ सरदार सरोवराशी लढले. १९९५ ला सुप्रीम कोर्टानं त्या धरणाची उंची वाढवायला थांबवलं. तिथले लोक गाव सोडून गेले असते तर कोर्टानं कुणासाठी थांबवलं असतं?

आपल्या हातात एक हत्यार आहे. २४ डिसेंबर १९९६ ला दिल्लीच्या संसदेनं अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा केला. भुरिया समितीनं ज्याची शिफारस केली होती तो. आपले तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यातल्या तीन गोष्टी तोंडपाठ करा. एक, पाडा किंवा पाड्यांचा समूह हे गाव धरता येतं, आणि त्या गावाची स्वतःची ग्रामसभा. दोन, प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यावाच लागेल. तीन, लहान पाणीसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्था पंचायतीकडे. राज्यांना आपले कायदे त्याप्रमाणे बदलायला एक वर्ष दिलं होतं. ते वर्ष १९९७ च्या डिसेंबरात संपलं. आपण गप्प बसलो तर मुंबईत बसून असा अर्थ लावतील की 'सल्ला' म्हणजे ग्रामसेवकानं घरी बसून लिहिलेला ठराव. पंधरा ऑगस्ट येईल. झेंडा लावायला सगळे येतील. त्याच ग्रामसभेत हे विषय घ्यायचे.

आपण काय करायचं

नुसतं मागून भागणार नाही. पुरंदरला विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं ठरवलं की पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. सांगलीत खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी नदीची वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधलं, त्यातही भूमिहीनाला पाण्याचा हक्क ठेवला. ती माणसं आपल्यापेक्षा हुशार नव्हती. एकत्र होती. आपल्याकडे तर पाऊस त्यांच्या कितीतरी पट आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं:

१. पावसाळ्यात प्रत्येक पाड्यानं आपले झरे, ओढे, विहिरी मोजाव्यात. कुठला झरा कुठल्या महिन्यापर्यंत चालतो हे म्हाताऱ्या बायांना विचारून लिहून काढावं. हा आपला आराखडा. त्यांचा टंचाईचा, आपला पाण्याचा.

२. पाऊस उघडला की दिवाळीच्या आधी, ओढा वाहतो आहे तोवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-रेतीनं भरून बंधारे घालायचे. प्लॉटच्या हद्दीत घालायचे, सगळ्या पाड्यानं मिळून घालायचे. गुन्हा दाखल केला तर एकट्यावर नाही, सगळ्यांवर करा म्हणायचं.

३. मोठा बंधारा, गाळ काढणं, विहीर खणणं ही कामं रोजगार हमीवर मागायची. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, हा कायदा आहे. वीटभट्टीची उचल घ्यायच्या आधी मागणीचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

४. पाणी माणशी. पाड्यात कातकऱ्याचं घर असो, एकट्या विधवेचं असो, वाटा सारखा. बायांची पाणी समिती, आणि विहिरीच्या चाव्या तिच्याकडे.

५. टँकर येईल तिथं फेऱ्यांची वही पाड्यानं ठेवायची. रोज किती आले, किती वाजता आले. महिनाअखेर ती वही कचेरीत नेऊन त्यांच्या रजिस्टरशी जोडायची.

आणि सरकारकडे:

१. धरण आणि पाइपलाइनच्या आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांना त्याच पाण्याची जोडणी द्या. रुपयातला अर्धा पैसा आमचा.

२. प्लॉटवर विहीर आणि बंधारा घालायला परवानगी द्या. सातबाऱ्याची अट काढा, दंडाची पावती वहिवाटीचा पुरावा धरा.

३. भूजल कायदा फार्महाऊसवर लावा.

४. पाड्याच्या ग्रामसभेला विचारल्याशिवाय नव्या धरणाची मोजणी नाही. जुन्या धरणात उठलेल्यांचा हिशोब आधी पुरा करा.

५. शहरानं आपलं सांडपाणी साफ करून वापरावं, गळती बंद करावी, आणि मग आमच्याकडे बघावं.

पुढच्या सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. जमिनीचा ठराव वेगळा आणि पाण्याचा वेगळा असं करू नका, एकाच कागदावर येऊ द्या. आजवर आपण कचेरीसमोर रिकामे हंडे वाजवले. यंदा पाऊस पडू लागला की, सगळे मोर्चे थांबतात तेव्हा, जुलैमध्ये मोर्चा काढू. हातात ठराव आणि पाड्याची यादी घेऊन. ऑक्टोबराचा आराखडा बनायच्या आधी. साहेबांना तेव्हा विचारू, 'पाणी आत्ता आहे. थांबवता की परत टँकर लिहिता?'

जमीन आमची, पाणी आमचं!
पाड्याची ग्रामसभा जिंदाबाद!